अक्कलकाऱ्याचं रोप मधूनच काळं पडतंय? आधी काय तपासायचं, औषध कधी आणि थांबायचं कधी

जून संपत आला की ही तक्रार हमखास येते. कुंडी हातात, रोप कडेनं हिरवंगार आणि मध्यभागी काळपट लगदा. "काका, कालपर्यंत छान होतं हो!" छान दिसत होतं, एवढंच. आतून ते आठवडाभर आधीच गेलेलं असतं.

हे रोप म्हणजे ॲनासायक्लस पायरेथ्रम, आयुर्वेदातला अक्कलकारा. शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं, जमिनीला चिकटून पसरणारं, बारीक कातरलेल्या राखाडी-हिरव्या पानांचं. फूल पांढरं, मध्ये पिवळं आणि पाकळीच्या पाठीवर गडद लाल पट्टा. मूळ घर मोरोक्को-अल्जीरियाकडचा ॲटलस पर्वत, ज्याचं सर्वात उंच शिखर तुबकाल ४,१६७ मीटर आहे. त्या डोंगरात पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. म्हणजे तिथे ओल आली की सोबत थंडी असते, आणि ऊन तापलं की जमीन सुकलेली असते. नाशिकला बरोबर उलटं. आपली ओल जून ते सप्टेंबरमध्ये येते, रात्रीचं तापमान वीस-बावीसच्या आसपास असताना. उबदार ओल ही या रोपाला त्याच्या घरी कधी भेटलेलीच नसते. खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

लक्षणं

मधला भाग तपकिरी-काळा, कडेच्या फांद्या अजून हिरव्या. हलकेच ओढलं की फांदी बुडातून निसटून हातात येते. ही गळ्याची, म्हणजे फांद्या आणि मूळ जिथे जुळतात त्या भागाची, कूज. बहुतेक कुंड्या याच कारणानं येतात.

दुपारी रोप मान टाकतं, संध्याकाळी थोडं सावरतं, पण माती ओलीच आहे. ही मूळकूजीची सुरुवात.

पानं भरपूर, फांद्या लांबट आणि उभ्या, फूल नाही. हा रोग नव्हे. सावली किंवा खताचा अतिरेक.

कळ्या आहेत पण उमलत नाहीत. आकाश ढगाळ असेल तर काहीच बिघडलेलं नाही. ही फुलं ऊन गेलं की मिटतात, रात्री तर मिटतातच. लाल पट्टा दिसतो तो तेव्हाच.

वाढ खुंटलेली, पानं फिकट, खत घालूनही फरक नाही, आणि उपटल्यावर मुळांवर गाठी. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी.

एका दिवसात अख्खं रोप लोळलं आणि उचललं तर खाली मूळच नाही. हुमणी. माती उकरा, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी पांढरी अळी सापडेल. सापडली की काढून टाका. कुंडीतल्या हुमणीला याहून मोठा उपाय लागत नाही.

पहिली तपासणी: रोप तेच आहे ना?

हसू नका. अक्कलकारा म्हणून आपल्याकडे दोन वनस्पती विकल्या जातात. दुसरी ॲक्मेला. तिला पांढऱ्या पाकळ्या नसतात, नुसते पिवळे शंकूसारखे गोंडे येतात, कधी टोकावर तांबूस ठिपका असतो. पानं साधी, रुंद, कातरलेली नाहीत. ही ओल आवडणारी वनस्पती आहे, आणि पाणी तोडलं तर ती वाळते. म्हणजे एकीचा उपचार दुसरीला मारक.

जिभेला लावून ओळखायला जाऊ नका. दोन्ही झिणझिणतात, दोन्हींनी लाळ सुटते. पान बघा, फूल बघा. हिवाळ्यात रोपवाटिकेत मिळणारा गझेनियासुद्धा कधीकधी याच नावानं गळ्यात मारला जातो. त्याची फुलं मोठी, भडक पिवळी-केशरी असतात, पानं लांबट, आणि तो बराच सोशिक आहे.

दुसरी तपासणी: पाणी हवंय की नकोय?

यालाही पैसे लागत नाहीत. अगरबत्तीची काडी बोटभर खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडीला माती चिकटून आली तर आज पाणी नाही. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावली तर काडीचीही गरज उरत नाही.

शेतकऱ्याला वापसा समजावून सांगावा लागत नाही. माती ओली असावी पण तिच्यात हवाही खेळावी, हे त्याला हातानं कळतं. गच्चीवरच्या माणसाला मात्र "रोज सकाळी एक तांब्या" हा नियम हवा असतो, आणि तिथेच घोळ होतो. मुळांना हवा मिळाली नाही की ती पाणी ओढू शकत नाहीत. मग भरल्या कुंडीत रोप तहानलेलं दिसतं, मान टाकतं, आणि आपण अजून एक तांब्या ओततो. दुपारी लोळलेल्या रोपाला पाणी घालण्याआधी काडी खुपसा, एवढी एकच सवय लावली तरी निम्मी रोपं वाचतील.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी वरची दोन-तीन सेंटिमीटर माती पूर्ण सुकल्यावर पाणी द्या. मार्चनंतर ऊन चढेल तसं थोडं जवळ आणा. पावसाळ्यात आडोशाला ठेवलं असेल तर आठवड्यातून एकदाच, तेही काडी कोरडी आली तरच. पाणी कडेनं द्या. झारीनं डोक्यावरून नको.

तिसरी तपासणी: गळा

याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि लोक सगळ्यात कमी.

रोपाच्या सगळ्या फांद्या एकाच गळ्यातून निघतात आणि मातीवर आडव्या पसरतात. म्हणजे गळा स्वतःच्याच पानांखाली झाकलेला असतो, तिथे वारा पोचत नाही. त्यात पावसाचे थेंब माती उडवून आत ढकलतात. त्यात आपण प्रेमानं मूठभर शेणखत मधोमध टाकतो. महिन्याभरात गळा एक-दोन सेंटिमीटर गाडला जातो. खाली सोटमूळ कितीही धडधाकट असलं तरी तिथे ओल धरून राहिली की बुरशीला दार उघडं.

फांद्या हातानं उचलून खाली बघा. चमच्यानं गळ्याभोवतीची माती आणि खत काढा, मूळ जिथे सुरू होतं तो भाग दिसेपर्यंत. अंगठ्यानं दाबा. टणक असेल तर रोप वाचणार. मऊ असेल आणि वास येत असेल तर पुढच्या तपासण्या रोपासाठी नाहीत, पुढच्या रोपासाठी आहेत.

एकाच बाजूच्या फांद्या काळ्या असतील तर स्वच्छ ब्लेडनं निरोगी भागापर्यंत कापून टाका आणि चार-पाच दिवस पाणी बंद. मग गळ्याभोवती, फांद्यांच्या खाली सरकवून, दोन सेंटिमीटर जाडीचा बारीक खडीचा थर द्या. या थरानं तीन कामं होतात: पानं मातीपासून वर राहतात, थेंबानं चिखल उडत नाही, आणि गळ्याजवळचं पाणी झटकन खाली जातं. उन्हाळ्यात मुळं थोडी थंडही राहतात. भाताचा तूस, पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या यांचं आच्छादन या रोपाला नको. इतर झाडांना ते वरदान असेल, इथे ते ओल धरून ठेवतं.

नवीन रोप लावताना गळा मातीच्या पातळीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वरच ठेवा. दोन पाण्यांत माती बसते आणि तो आपोआप नेमक्या जागी येतो.

चौथी तपासणी: भोकं आणि बशी

बशी असेल तर आज काढून टाका. कुंडी दोन विटांवर ठेवा. गच्चीच्या लादीला चिकटून बसलेल्या कुंडीचं भोक असून नसल्यासारखं असतं.

मग तांब्याभर पाणी कडेनं ओता. पृष्ठभागावरचं पाणी बघता बघता जिरलं पाहिजे आणि मिनिटाभरात खालून ठिबकलं पाहिजे. पाणी साचून राहिलं तर आधी खालून भोकात काडी घालून बघा. मुळांनी किंवा चिखलानं बंद झालेलं भोक ही पाच मिनिटांची दुरुस्ती आहे. भोक मोकळं असूनही पाणी जिरत नसेल तर दोष मातीत.

तळाला खापऱ्यांचा जाड थर देण्याची आपली जुनी पद्धत इथे उपयोगाची नाही, उलट नडते. बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही. ते सीमेवर अडतं आणि ओला पट्टा जितका थर जाड तितका वर सरकतो. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे. त्याच कारणानं उथळ परडी टाळा. तळाचा ओला पट्टा प्रत्येक कुंडीत असतोच, उथळ भांड्यात तो गळ्यापर्यंत पोचतो. शिवाय मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं. किमान २५ सेंटिमीटर खोल मातीची कुंडी घ्या, प्लास्टिकची नको.

पाचवी तपासणी: जागा

पुन्हा फुकटचं काम, पण कुंडी हलवावी लागते. पाऊस आपल्याकडे पश्चिम-नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्यामुळे गच्चीच्या पश्चिम कठड्याला ठेवलेली कुंडी सगळा मार खाते आणि जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला ठेवलेली बऱ्यापैकी कोरडी राहते. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे हलवा, वर पारदर्शक पत्रा टाका आणि बाजू पूर्ण उघड्या ठेवा. प्लास्टिकनं चारही बाजूंनी गुंडाळणारे लोक आहेत. त्यात पाऊस लागत नाही, पण रोप वाफेवर शिजतं. घरात आणून ठेवणंही नको, उजेडाअभावी आठवड्यात फांद्या लांबट होतात.

थंडीत दिवसभर ऊन द्या. निफाडचा पारा एक आकड्यावर आल्याची बातमी वाचून रोप आत घेऊ नका. ही थंडी त्याला मानवते, नाशिकमध्ये ते टिकतं ते या हिवाळ्याच्या जोरावर. एप्रिल-मेमध्ये मात्र फक्त सकाळचं ऊन. इगतपुरी-त्र्यंबककडे राहत असाल तर उघड्यावर पावसाळा काढायचा विचारच सोडा. सिन्नरकडे थोडी मोकळीक आहे.

सहावी तपासणी: खत

पानं जोरात आणि फूल नाही, किंवा फांद्या लुसलुशीत आणि मऊ, तर खत थांबवा. युरिया तर नकोच. खडकाळ, उपाशी जमिनीतलं रोप आहे हे. लावताना मिसळलेलं मूठभर मुरलेलं खत हंगामभर पुरतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर आला असेल तर बोअरच्या पाण्यातले क्षार साचलेत. कोरड्या दिवसांत एकदा भरपूर गोडं पाणी ओतून सगळं निथळू द्या. थोडा चुना या रोपाला चालतो, त्यामुळे त्याची फार चिंता नको.

सातवी तपासणी: माती बदलणं

इथून पुढे मेहनत आणि थोडा खर्च. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. द्राक्षाला, कांद्याला तिचं कौतुक, या रोपाला तिचा फास. तिच्यात मूठ-दोन मूठ वाळू घालून काही होत नाही. वाळू चिकणमातीत हरवून जाते.

मी वापरतो ते मिश्रण: दोन भाग धुतलेली बारीक खडी, एक भाग लाल माती किंवा पोयटा, अर्धा भाग चांगलं मुरलेलं चाळलेलं खत. खडी म्हणजे क्रशरवर मिळणारी काळ्या दगडाची कच, पण ती तशीच घेऊ नका. तिच्यातली पूड पाण्यानं बसून सिमेंटसारखी घट्ट होते. आधी चाळा, मग पाणी नितळ येईपर्यंत धुवा, ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे खडे राहू द्या. चाळलेला मुरूमही चालतो. कोकोपीट मी या रोपाला घालत नाही. ते वरून सुकलेलं दिसतं आणि आत ओलं राहतं, काडीची तपासणीही फसते. रोपवाटिकेतून आलेलं रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्येच असतं, म्हणून ते आणल्यावर पंधरा दिवसांत मिश्रणात हलवा. मोठ्या रोपाचं सोटमूळ तुटलं की ते रुसतं, लहानपणीच हलवणं बरं. आणि हे काम पावसात नको. दसरा ते डिसेंबर हा काळ योग्य.

आठवी तपासणी: मुळं

रोप कुंडीतून काढून बघणं हे शेवटून दुसरं. पांढरट-बदामी, टणक मूळ म्हणजे निरोगी. तपकिरी, वरची साल बोटांत सोलून येणारी आणि आत दोरा उरणारी मुळं म्हणजे मूळकूज. गळ्याशी पांढऱ्या बुरशीची जाळी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम. तिथे रोप आणि आजूबाजूची माती दोन्ही पिशवीत भरून कचऱ्यात. ती माती दुसऱ्या कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. कुंडी घासून कडक उन्हात ठेवा.

थोडीच मुळं गेली असतील तर ती कापा, कोरड्या ताज्या मिश्रणात लावा, दोन दिवसांनी पहिलं पाणी. गळा पूर्ण गेला असेल तर हिरव्या फांद्यांची पाच-सहा सेंटिमीटरची छाटकलमं जाड वाळूत लावून बघता येतील. ऑगस्टच्या दमट हवेत ती फारशी जगत नाहीत हे आधीच सांगतो, नोव्हेंबरमध्ये शक्यता बरी असते.

खरा विमा बी हाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं येतात. वाळलेली बोंडं विखरायच्या आत खुडून कागदी पाकिटात ठेवा आणि पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, मिश्रणावर पसरून वर अगदी पातळ वाळू भुरभुरा. पंधरवड्यात, फार तर तीन आठवड्यांत उगवण होते. मध्य प्रदेशात मुळांसाठी याची शेती करणारे शेतकरीही रब्बीतच पेरतात आणि पावसाआधी काढून मोकळे होतात. नाशिकमध्ये याला बारमाही म्हणून हट्टानं जगवण्यापेक्षा रब्बीचं म्हणून वागवणं शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन पावसाळे काढलेली रोपं मी पाहिली आहेत, पण ती सगळी पत्र्याखालची आणि खडीतली.

औषध, सगळ्यात शेवटी

द्राक्षवाल्यांच्या गावात राहिल्याचा हा एक तोटा: घरात कॉपर, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक, असतंच आणि हात आधी तिकडे जातो. निचरा सुधारल्याशिवाय आळवणी केली, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतलं, तर तुम्ही ओल्या मातीत अजून पाणी ओतताय. वरच्या तपासण्या झाल्या असतील आणि गळा टणक असेल, तरच कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला २.५ ग्रॅम, गळ्याभोवती थोडंसं, एकदा. हातमोजे घालून. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वापरायची असेल तर ती लावतानाच, मुरलेल्या खतात मिसळून. ती रोग येऊ नये म्हणून आहे, कुजलेला गळा ती जोडत नाही. आणि कॉपरसोबत एकाच वेळी दिली तर तीच मरते, ती स्वतः बुरशीच आहे.

औषध घातलेल्या रोपाचं मूळ दातदुखीसाठी चघळायला देऊ नका. न घातलेलंही वैद्यांना विचारल्याशिवाय नको, लहान मुलांना तर मुळीच नको.

कुठे थांबायचं

एक-दोन कुंड्या असतील आणि गळा मऊ झाला असेल तर तिथेच थांबा. रोपापेक्षा औषध महाग पडतं.

गादीवाफ्यात रोपं एकापाठोपाठ, गोलाकार पट्ट्यात मरत असतील, मुळांवर गाठी असतील, किंवा माती बदलून, आळवणी करूनही त्याच जागी दुसऱ्या हंगामात तेच होत असेल, तर स्वतःचे प्रयोग बंद करा. बुरशी कोणती आहे हे डोळ्यांनी नेमकं सांगता येत नाही, आणि एकीचं औषध दुसरीवर चालत नाही. काही गुंठ्यांवर लावण्याचा विचार असणाऱ्यांनी तर बी घ्यायच्या आधीच माती तपासून घ्यावी. भारी काळ्या जमिनीत उंच गादीवाफ्यावरही हे पीक धोक्याचं. खरेदीची हमी देणारा कुणी भेटला तर करार लेखी असू द्या.

गच्चीवर कुंड्यांखाली कायम ओल दिसत असेल आणि खालच्या छताला डाग उमटत असतील तर तो प्रश्न बागेचा नाही. कुंड्या हलवा आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा.

तज्ज्ञासाठी नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. जाताना पूर्ण मेलेलं रोप नेऊ नका, त्यातून काही कळत नाही. नुकतं कोमेजू लागलेलं एक आणि शेजारचं निरोगी एक, दोन्ही मुळासकट आणि मातीच्या गोळ्यासकट उपटा. वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, नाहीतर पोचेपर्यंत वेगळीच बुरशी वाढते. त्याच दिवशी न्या. सोबत एका चिठ्ठीवर लागवडीची तारीख, पाणी किती दिवसांनी, कोणतं खत आणि आजवर घातलेली सगळी औषधं लिहा. औषधं लपवू नका, ती कळली नाहीत तर तपासणी चुकीच्या वाटेनं जाते.